आत्याबाईंच्या शेंदरी पेशी

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आमच्याकडे सुना तसंच म्हणतात. आदिलाबादकडच्या बेला गावाच्या कडेला आमचं दीड एकर भाजीचं रान आहे, आणि त्या रानातली वांगी, मेथी, मिरच्या डोक्यावर टोपलं घेऊन बाजारात नेणं हे आत्याबाईंचं काम. ऑटो दारावरून जायचा, माझा नवरा मोटारसायकल काढून उभा राहायचा, पण त्या ऐकायच्या नाहीत. "गाडीवर वांगे दबतात," म्हणायच्या आणि चालू लागायच्या. त्यांच्या चालीला गाठायचं तर मला पळावं लागायचं.

त्या वर्षी कापूस फुटायला लागला त्या दिवसांत, एका बाजाराच्या दिवशी, शेजारची बाई माझ्याकडे आली. मी ड्यूटीवर निघायच्या तयारीत होते.

"तुही सासू पुलावर बसून हाय व," ती म्हणाली. "टोपलं खाली ठेवून."

टोपलं खाली ठेवून! आत्याबाईंनी बाजार यायच्या आधी टोपलं खाली ठेवलेलं गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. मी तशीच गेले. त्या नाल्याच्या पुलाच्या कठड्यावर बसल्या होत्या, ओठ पांढरे पडलेले, आणि श्वास असा चालला होता जणू डोंगर चढून आल्या.

"काही नाई झालं," त्या म्हणाल्या. "ऊन लागलं."

सकाळचे आठ वाजले होते.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाचं काही दिसतच नाही, तसं माझं झालं होतं. त्यांच्या पदराच्या गाठीत कच्चे तांदूळ असायचे. येता-जाता चार दाणे तोंडात टाकायच्या. रक्त कमी झालं की असं कच्चं खावंसं वाटतं हे मला माहीत होतं, तरी वाटायचं, सवय असेल. हात-पाय थंड. पायऱ्या चढताना छाती धडधडायची. मी मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासते, मलेरियाच्या काचा बघते, शुगर करते. माहेरच्या तामसीहून बसने आदिलाबादला जाऊन-येऊन मी तो कोर्स केला, लग्नाआधी. आणि माझ्याच घरात माझी सासू पांढरी पडत चालली होती, ते मला शेजारणीने सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना केंद्रात नेलं. आमच्या डॉक्टरबाई करीमनगरकडच्या, वयाने माझ्याहून लहान. त्यांची भाषा तेलुगू, आत्याबाईंची आपली ही अशी, त्यामुळे दोघींचं बोलणं हिंदीत व्हायचं, आणि ती हिंदी दोघींचीही नसायची. डॉक्टरबाईंनी डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि मला म्हणाल्या, रक्त बघ आणि शौचाचा नमुनाही बघ.

रक्त द्यायला आत्याबाईंची ना नव्हती. दुसरी गोष्ट मी कानात सांगितली तेव्हा मात्र त्या टेबलावरून उठूनच उभ्या राहिल्या.

"काय? डबीत?"

"हो."

"आन् तू पाहशीन ते?"

"माझं कामच आहे ते आत्याबाई."

"बाप्पा! सुनेनं सासूचं हे पाहायचं? मरून जाईन पन देनार नाई." आणि पदर सावरून त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

मी रक्त घेतलं. हिमोग्लोबिन इतकं कमी निघालं की मी दुसऱ्यांदा केलं. मग काचेवर थेंब पसरून, वाळवून, रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसल्या, मधोमध पोकळ, उपाशी. ते अपेक्षित होतं. पण काच सरकवत गेले तसतशा एका वेगळ्याच पेशी समोर यायला लागल्या. पांढऱ्या पेशींत एक जात असते, इओसिनोफिल म्हणतात तिला. रंग चढवला की तिच्या पोटात शेंदरी दाणे दिसतात, डाळिंब फोडल्यासारखे. शंभर पांढऱ्या पेशींत एरवी या दोन-चार भेटतात. इथे दर चौथी-पाचवी पेशी तीच होती.

मी मान वर केली तेव्हा, खरं सांगायचं तर, मला आधी आनंद झाला. इतक्या सुंदर, इतक्या दाट मी कधी पाहिल्या नव्हत्या. मग आठवलं की हे कुणाचं रक्त आहे.

"डॉक्टरम्मा," मी हाक मारली. त्यांनी येऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "नुलिपुरुगुलु." तेलुगूत जंतांना म्हणतात ते. जंतांच्या गोळ्या वाटायच्या दिवशी आमच्या भिंतीवर जो कागद लागतो, त्याच्यावर हाच शब्द मोठ्या अक्षरात असतो. आता खात्री करायची तर डबी हवी होती, आणि डबीचं नाव काढलं तर आत्याबाई घरी निघून गेल्या असत्या.

मी बाहेर गेले आणि म्हटलं, "आत्याबाई, तुमच्या रक्तात एक मजा दिसली. पाहता का?"

त्या उठल्या. त्यांना नवीन काही पाहायची हौस फार. आदिलाबादला सरकता जिना लागला तेव्हा त्यावरून तीनदा वर-खाली गेल्या होत्या.

सूक्ष्मदर्शकातून पाहणं पहिल्यांदा कुणालाच जमत नाही. आत्याबाईंना आधी स्वतःच्या पापण्या दिसल्या. "केस हायेत माह्या रक्तात," त्या घाबरून म्हणाल्या. मग त्यांनी चुकीचा डोळा मिटला. मग नाक आडवं आलं. शेवटी मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून जागेवर ठेवलं, आणि एकदम त्यांना दिसलं.

"हे शेंदूर लावलेले कोन हायेत?" त्यांनी विचारलं.

"ते तुमचे राखणदार. पोटात जंत शिरले की हे वाढतात."

"माह्या पोटात जंत हायेत?"

"बहुतेक."

"केवढे?"

मी बोटाचं पेर दाखवलं. त्यांनी पुन्हा डोळा लावला, मग माझ्या पेराकडे पाहिलं, मग पुन्हा डोळा लावला.

"हे एवढुसे, दिसत बी नाईत. आन् तो एवढा लंबा. हे त्याचं काय करतीन व?"

इतकी वर्षं मी हे काम करतेय. मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. कोर्समध्ये एवढंच शिकवलं होतं की या पेशी वाढल्या तर जंत किंवा ॲलर्जी. डॉक्टरबाई दाराशी उभ्या होत्या. दुपारची वेळ, पेशंट नव्हते. त्या आत आल्या, माझ्या रिपोर्टचा कोरा कागद उलटा केला आणि त्यावर एक बेचकी काढली.

"अँटीबॉडी," त्या म्हणाल्या.

"ते मले माहीत हाय," आत्याबाई लगेच म्हणाल्या. "कोरोनात आयकलं." टीव्हीवर हा शब्द दिवसाला पन्नास वेळा यायचा, तेव्हाचा त्यांच्या डोक्यात राहिला होता.

मग डॉक्टरबाई हिंदीत सांगत गेल्या आणि मी आपल्या बोलीत उतरवत गेले. लहान जंतूला पेशी गिळून टाकते. जंत गिळता येत नाही, तो पेशीच्या हजारो पट मोठा. म्हणून इथे सगळ्यांना मिळून काम करावं लागतं. आधी आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींना कळतं की कुणीतरी शिरलं. त्या निरोप देतात. मदतनीस पेशी तो निरोप घेऊन रक्ताच्या कारखान्याला सांगतात की शेंदरी पेशी जास्त बनवा, आणि दुसऱ्या पेशींना सांगतात की या जंतापुरत्या बेचक्या बनवा. बेचकीचे दोन हात नेमके त्याच जंताच्या अंगाला चिकटतात, दुसऱ्या कुणाला नाही. आणि तिची दांडी बाहेर राहते. शेंदरी पेशी येते, ती दांडी पकडते, आणि पोटातले दाणे तिथेच जंताच्या, विशेषतः त्याच्या पिल्लाच्या, अंगावर ओतते. ते दाणे म्हणजे जहर.

"म्हनजे कुसळ," आत्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"गवतातून चाललं का लुगड्याले कुसळं चिकटतात ना. त्या कुसळाले दोनी कडून टोकं असले तर? एक लुगड्यात घुसलं, दुसऱ्याले कोनी बी येऊन अडकते. कुसळ नसन तर हा शेंदरी येडा धरन कायले? जंत तर गुळगुळीत असन."

डॉक्टरबाईंना मी ते हिंदीत सांगितलं. त्यांनी आपल्या बेचकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अम्मा का अच्छा है."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. काही बेचक्या जंताकडे जातच नाहीत. त्या आतड्याच्या भिंतीत बसलेल्या एका वेगळ्या पेशीच्या अंगावर आधीच जाऊन बसतात, हात बाहेर काढून. मास्ट पेशी म्हणतात तिला. जंताच्या अंगातला कण त्या हातांना लागला रे लागला की ती पेशी फुटल्यासारखी आतला सगळा माल बाहेर टाकते. मग आतडं पाणी सोडतं, चिकट बुळबुळीत थर सोडतं, आणि पिळायला लागतं. जंताला धरायला जागाच राहू नये म्हणून.

"म्हनून पोटात मुरडा येते," आत्याबाई म्हणाल्या. मला हसू आलं, पण डॉक्टरबाईंनी मान हलवली. काही वेळा त्यामुळेही येतो, त्या म्हणाल्या.

आत्याबाई पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. आता त्यांना डोकं धरायला माझी गरज लागली नाही. काच कशी सरकते तेही त्यांनी बघून घेतलं होतं.

"एवढे जनं माह्यासाठी मरमर करून राह्यले," त्या म्हणाल्या, "आन् मी पुलावर बसून म्हनतो ऊन लागलं." आमच्याकडे बायाही कधी कधी 'म्हनतो', 'जातो' असंच बोलतात. मग डोळा न काढता त्यांनी हात मागे केला. "दे तुही डबी."

नमुन्यात अंडी होती. लांबट गोल, काचेसारखं पातळ कवच, आत चार-आठ पेशींचा गठ्ठा. अंकुशकृमी. हा जंत आतड्याला दातांनी चावून धरतो आणि रक्त पितो. डॉक्टरबाईंनी जंताची गोळी दिली आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, काही महिने चालवायच्या. मग त्यांनी आत्याबाईंच्या पायांकडे पाहिलं.

"अम्मा, खेत में चप्पल पहनते क्या आप?"

आत्याबाई भाजीच्या रानात कधीच चप्पल घालत नसत. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काढून ठेवायच्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा जंत तोंडातून नाही, पायांतून येतो. ओल्या मातीत त्याची पिल्लं असतात, तळव्याच्या कातडीतून शिरतात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, आणि गिळली की पोटात. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"दर पावसाळ्यात बोटायमंधी खाज येते ती?"

"तीच असेल."

"मी तर चिखल्या समजून हळद लावत होतो."

तिथेच त्या शेंदरी पेशी आणि बेचक्या पहिल्यांदा भिडतात, डॉक्टरबाई म्हणाल्या, खाज ही त्या लढाईची. पावसाळ्यातली ती लढाई आम्ही घरातले हळद लावून शांत करत होतो.

घरी आल्यावर आत्याबाईंनी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, काही सांगायच्या आधी परसातल्या संडासाचं दार उघडलं. तो सरकारी योजनेतला संडास बांधल्यापासून त्यात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, भरलेल्या होत्या, चुलीसाठी. मामाजी लोटा घेऊन नाल्याकडे जायचे, आम्ही बायका रानाच्या मागे. पिल्लं ओल्या मातीत कुठून येतात ते मी आत्याबाईंना सांगितलेलं नव्हतं. उघड्यावर बसलं की अंडी मातीत जातात, हे त्यांनी स्वतःच जोडलं. मी कपडे बदलून येईपर्यंत अर्ध्या पऱ्हाट्या बाहेर होत्या. दर चार काड्यांनंतर त्या दम खायला बसत होत्या. मी आणि माझ्या नवऱ्याने उरलेल्या काढल्या. खालून दोन विंचू आणि मामाजींची हरवलेली छत्री निघाली.

"आता नाल्यावर कोनी गेलं तर मी सांगून ठेवतो," आत्याबाई म्हणाल्या. मामाजी छत्री उघडून बघत होते.

आणि मग आत्याबाईंनी फर्मान काढलं, घरातल्या सगळ्यांच्या डब्या गेल्या पाहिजेत. सगळ्यांच्या. "तुही बी," त्या मला म्हणाल्या.

"मला काय झालंय?"

"मले बी काई झालं नव्हतं."

मी दिली. स्वतःचा नमुना स्वतःच तपासायचा प्रसंग माझ्यावर पहिल्यांदाच आला. मामाजींच्या नमुन्यात जंत निघाले, ते धरूनच चाललो होतो. नवऱ्याच्या नमुन्यात नाही निघाले, तो मोटारसायकलवर असल्याने कायम बूट घालतो. मग माझी काच लावली. तीच लांबट गोल, काचेच्या कवचातली अंडी. थोडी होती, पण होती. मी रविवारी मिरच्या तोडायला रानात जायचे, धुऱ्यावर चपला काढून. सासूचं पाहून शिकले होते.

डॉक्टरबाईंना सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या हसून हसून खुर्चीवर मागे रेलल्या. आणि घरी आत्याबाई तर अंगणातच उभ्या राहून ओरडल्या, शेजारणीला ऐकू जावं म्हणून: "आयकलं का व? साऱ्या मंडलाचं तपासते, आन् इचंच निघालं!" त्या दिवशी मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं की मी ताटावर बसून दोन्ही एकदम करत होते.

राहिला चपलेचा प्रश्न. जंताच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या, संडास मोकळा झाला होता, पण आत्याबाई धुऱ्यावर जाऊन थांबायच्या. भाजीचं रान त्यांची माय. मायच्या अंगावर चप्पल घालून कसं जायचं? माझ्या नवऱ्याने आदिलाबादहून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले. "मी काय पोलीस हाय?" म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले. आठवडाभर ते दारात पडून होते. मग एका सकाळी मी रानात गेले तर आत्याबाई धुऱ्यावर वाकलेल्या. त्यांनी मातीला हात लावला, तो कपाळाला लावला, "माफ कर व माय, रगत कमी हाय," असं म्हटलं, आणि लुगडं खोचून, बूट चढवून वांग्याच्या सरीत शिरल्या. मला पाहिलं तेव्हा नुसतं म्हणाल्या, "चिखल लागत नाई यानं. बरे हायेत."

दीड-दोन महिन्यांनी त्यांच्या गालांवर रंग आला. पदराच्या गाठीतले तांदूळ आपोआप सुटले. मी पुन्हा रक्त पाहिलं, आणि अर्थातच त्याही पाहायला आल्या. शेंदरी पेशी कमी झाल्या होत्या. खूप काच सरकवावी तेव्हा एक भेटायची.

"गेले कुठं बाकीचे?" त्यांचा चेहरा उतरला.

"काम संपलं. शरीर त्यांना उगीच पोसत नाही."

"पन एक सांग," त्या म्हणाल्या. "एवढे होते, कुसळं बी होते, मग जंत काऊन नाई मेले? गोळी काऊन लागली?"

याचं उत्तर मी तोवर डॉक्टरबाईंकडून शिकून घेतलं होतं. नवीन पिल्लं या पेशी पुष्कळ मारतात, म्हणून माणसात जंत हजारांनी वाढत नाहीत. पण जो आत जाऊन चावून बसला, तो लबाड. माणसाच्या पोटात राहून राहून तो शिकलाय. तो असे रस सोडतो की आपल्या पेशींचा जोर मंदावतो. मग दोघांत अशी अर्धवट ओढाताण वर्षानुवर्षं चालू राहते. ती मोडायला गोळी लागते.

आत्याबाईंनी विचार केला. "म्हनजे त्यानं पाटलाले खिशात घातलं," त्या म्हणाल्या.

यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं.

नंतर अंगणवाडीत जंताच्या गोळ्या वाटायचा दिवस आला तेव्हा डॉक्टरबाईंनी बायांसमोर बोलायला आत्याबाईंना उभं केलं. कापूस वेचायला जाणाऱ्या पंचवीस-तीस बाया, मांडीवर लेकरं. आत्याबाई माईक धरायला तयार नव्हत्या. त्यांनी आधी बूट दाखवले, मग कुसळं सांगितली, मग शेंदरी पेशी. सांगता सांगता पेशी तांदळाएवढ्या झाल्या, आणि मास्ट पेशी फुटते ते त्यांनी दिवाळीच्या सुतळी बॉम्बसारखं दोन्ही हात फेकून दाखवलं. मांडीवरची दोन लेकरं रडायला लागली. मी मागून म्हटलं, "एवढी मोठी नसते." त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "इचंच निघालं होतं," त्या बायांना म्हणाल्या, आणि साऱ्या अंगणवाडीने माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवशी डब्या संपल्या. गोळ्यांना तर कुणी नाही म्हणालंच नाही.

संक्रांतीनंतर डॉक्टरबाई आमच्या घरी जेवायला आल्या. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल आणि लसूण. डॉक्टरबाई म्हणाल्या, ही तर आमची गोंगुरा. आत्याबाई म्हणाल्या, नाई, ही आमची अंबाडी. दोघींचं त्यावर अर्धा तास चाललं, एकीची तेलुगू हिंदी आणि एकीची वऱ्हाडी हिंदी, मधल्या मधे मी दोन्हीकडे भाकरी वाढत होते. जेवण झाल्यावर आत्याबाई त्यांना रान दाखवायला घेऊन गेल्या. मी मागून गेले तेव्हा त्या पुढे, डॉक्टरबाई मागे, आणि डॉक्टरबाईंना चालीला गाठायला धापा टाकाव्या लागत होत्या. सरीतून वळता वळता आत्याबाई वांगी तोडून डॉक्टरबाईंच्या पर्समध्ये भरत होत्या. आधी लहान, मग मोठी. "बस अम्मा, बस," डॉक्टरबाई म्हणत होत्या. पर्सची चेन कधीच लागेनाशी झाली होती, आणि आत्याबाई पुढच्या झाडाकडे वाकल्या होत्या.